भांडणाचा तास

अक्का कुणालाही माफ करत नसत, आणि ते लपवतही नसत. बाकीची माणसं मनात डूख धरतात आणि वरून हसतात. अक्का तोंडावर सांगायच्या, "हे मी ध्यानात ठेवलंय हां." आणि खरोखरच ठेवायच्या. विद्यापीठातल्या एका सज्जन माणसानं त्यांना एकदा समजावलं, "अक्का, झालं ते झालं. क्षमा करावी माणसानं." त्यावर म्हणाल्या, "क्षमेचं खातं देवाकडं हाय. माझ्याकडं दुसरं हाय." दुसरं कोणतं, हे विचारायची त्या गृहस्थांची हिंमत झाली नाही.

मी हे लिहायला बसलो आहे ते अक्कांवर माझा जीव होता म्हणून. थोडा सूड म्हणूनही. त्यांचा वर्ग ज्यांनी बंद केला त्यांच्यावर मला सूड घ्यायचा आहे, आणि त्या माणसांत मी स्वतःही आहे. त्यामुळे वाचताना माझ्याबद्दल फार चांगलं मत होऊ देऊ नका.

अक्का मैंदर्गीच्या. घरी मेंढरं. चुलीपुढे कन्नड आणि बाजारात मराठी. पुढे त्या एम.ए. झाल्या, पीएच.डी. झाल्या, आमच्या विद्यापीठात समान संधी केंद्राच्या समन्वयक म्हणून आल्या, पण बोलणं तसंच ठेवलं. लिहायला लागल्या की त्यांची मराठी अशी स्वच्छ की कुलसचिव स्वतःचे मसुदे त्यांच्याकडे तपासायला पाठवत. मी एकदा विचारलं, "इतकं शुद्ध येतं तर बोलत का नाही?" म्हणाल्या, "ती परक्यांसाठी हाय. पाव्हणा आला की पेटीतली चादर काढतो न्हवं आपण? घरच्यांनी घोंगड्यावर बसायचं."

केंद्राला कँटीनच्या मागची एक खोली मिळाली होती. दर वर्षी पहिल्या वर्षाला येणारी पोरं मी पाहत आलो आहे. अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी, शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरची तेलुगू बोलणारी, शहरातली दखनी उर्दू बोलणारी, आणि वस्तीवरून आलेली, जी मराठीच बोलतात पण वर्गात त्यांच्या मराठीला हसतात. ही पोरं शेवटच्या बाकावर बसायची, मान खाली घालायची, आणि दिवाळीला घरी गेली की त्यातली बरीच परत यायचीच नाहीत. कुणी हाकललेलं नसायचं. तोंड उघडायची भीती, एवढंच. अक्कांची नेमणूक कागदावर कशासाठीही असो, त्यांच्या लेखी काम एकच होतं : दिवाळीनंतर पोर परत आलं पाहिजे.

त्यासाठी त्यांनी जो वर्ग काढला त्याचं नाव फाइलीत 'भाषिक सेतू वर्ग' होतं. सगळं विद्यापीठ त्याला भांडणाचा तास म्हणायचं. पहिल्या दिवशी इतर शिक्षक मुलांना नाव-गाव सांगायला लावतात. अक्का दोघांना समोरासमोर उभं करायच्या आणि म्हणायच्या, "भांडा."

"कशावरून, अक्का?"

"कारण लागतं व्हय? घरी लागतं का?"

मी पाहिलेलं एक भांडण सांगतो. एका बाजूला विणकराच्या घरची मुलगी, दुसऱ्या बाजूला धनगराचा पोरगा. अक्कांनी विषय दिला, एसटीतली खिडकीची जागा. पोरगा कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला. मुलगी ओढणीचं टोक चावत गप्प. अक्का तिच्या कानाशी जाऊन म्हणाल्या, "तुझ्या पिशवीवर बसलाय गं तो. भाकरी हाय पिशवीत." त्याबरोबर पोरीच्या तोंडातून जी तेलुगू सुटली! पोरग्यानंही आवाज चढवला. एकाला दुसऱ्याचं अक्षर कळत नव्हतं, पण हातवारे असे की कँटीनमधली माणसं खिडकीशी जमली. सगळा वर्ग हसून लोळला तेव्हा अक्का म्हणाल्या, "बगा. तोंड हाय की दोगांना. आता हेच मराठीत." आणि दोन-तीन महिन्यांनी तेच भांडण इंग्रजीत. "भांडता आलं की भाषा आली," हे त्यांचं सूत्र. "नमस्कार-चमत्कार पोपट बी करतो." नियम फक्त दोन. जातीवर जायचं नाही, आईबापांवर जायचं नाही. बाकी मोकळं रान.

आपल्या पोरांचा अपमान त्या कधीच विसरत नसत. आमच्याकडे एक प्राध्यापक होते. तोंडी परीक्षेत एक मुलगा "म्हाईत न्हाय" म्हणाला, तर यांनी त्याची नक्कल बाहेरच्या परीक्षकांना करून दाखवली. मुलगा रडत अक्कांकडे आला. अक्का म्हणाल्या, "पुस डोळे. मी बगते." काही आठवड्यांनी केंद्राचा स्नेहमेळावा झाला आणि त्याचे प्रमुख पाहुणे म्हणून त्याच प्राध्यापकांना आदरानं बोलावलं गेलं. हार, श्रीफळ, पहिल्या रांगेत मोठी खुर्ची. आणि मग अख्खा कार्यक्रम कन्नड, तेलुगू आणि दखनीत. मराठीचा एक शब्द नाही. मध्ये मध्ये प्राध्यापकांचं नाव यायचं आणि सभागृह खदखदून हसायचं.

ते शेजारी बसलेल्या अक्कांना विचारायचे, "काय म्हणाला तो?"

"आपली स्तुती केली, सर." अक्कांनी त्या दिवशी पेटीतली मराठी काढली होती.

"मग हसले का सगळे?"

"आनंद झाला त्यांना."

खरोखर स्तुतीच चालली होती, हे मला नंतर कळलं. हसायचं कधी, एवढं फक्त अक्कांनी ठरवून दिलं होतं. प्राध्यापक घामानं भिजून घरी गेले आणि पुन्हा कधी कुणाची नक्कल करताना दिसले नाहीत.

मी तेव्हा कँटीनशेजारच्या प्रशासकीय इमारतीत बसायचो, पुढे उपकुलसचिव झालो. मी कुंभारीचा, शेतकऱ्याचा मुलगा. नोकरी मिळाली तेव्हा बापानं एकच सांगितलं होतं, साहेबाला विचारल्याशिवाय काही करू नकोस. मी तो शब्द इतका पाळला की टेबलावरच्या पंख्याची दिशासुद्धा वरिष्ठांना विचारून बदलत असेन. सगळ्या फाइलींवर माझी लांबलचक टिपणी असायची. अक्कांनी माझं नावच 'टिपणी' ठेवलं. दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन त्या माझ्या खोलीत यायच्या आणि दारातून ओरडायच्या, "ए टिपणी, हात धू. कागद खाऊन पोट भरत न्हाय." शिपायासमोर मला कुणी अरे-तुरे करावं, याचा राग यायला हवा होता. मला मात्र त्या हाकेनं घरी आल्यासारखं वाटायचं.

मग तो कायदा आला. राज्य विद्यापीठांना मिळणाऱ्या सरकारी निधीतून कोणत्याही विशिष्ट समाजघटकासाठी वेगळा उपक्रम चालवता येणार नाही, अशी दुरुस्ती विधानसभेत मंजूर झाली. सगळ्यांना समान वागवायचं, असं त्याचं गोंडस रूप. बाजूनं बोलणाऱ्यांत आमच्याच जिल्ह्यातला एक तरुण आमदार होता. तो अक्कांच्या वर्गात बसलेला. पहिल्या वर्षाला आला तेव्हा हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचा. वर्ष संपेपर्यंत असा भांडू लागला की पोरं त्याला 'तोफ' म्हणायची. अक्कांचा तो फार लाडका. त्याच्या भाषणाची चित्रफीत सगळ्यांच्या फोनवर फिरली. त्यात तो छातीवर हात ठेवून म्हणत होता, "मी कोणत्याही कुबड्यांशिवाय इथवर आलो आहे."

अक्कांनी ती माझ्या टेबलाशी बसून पाहिली. संपल्यावर पुन्हा लावली. मला वाटलं आता चिडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "आवाज कुटं खाली आणायचा ते अजून ध्यानात हाय बग त्याच्या." आणि डब्याचं झाकण लावलं. भाकरी तशीच राहिली.

पण त्या रडत बसणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी येऊन म्हणाल्या, "टिपणी, कायद्यात 'वेगळा' असंच हाय न्हवं? मग वेगळं कशाला करतोस? सगळ्यांना ये म्हण. डॉक्टरचं पोर येऊ दे, वकिलाचं येऊ दे. भांडायला कुणाला येत न्हाय? नाव ठेव वादविवाद वर्ग, सर्वांसाठी खुला. विद्यार्थी उपक्रमांच्या नेहमीच्या तरतुदीत बसतंय. तुझ्या सहीनं सूचना लाव आणि गप्प राहा."

मी म्हणालो, "एकदा वर विचारून घेतो."

"विचारू नगंस," त्या म्हणाल्या. त्यांना मी असं हात जोडताना पहिल्यांदाच पाहिलं. "अरे, विचारलं की न्हायच येतंय. 'व्हय' म्हणायला त्यांना जबाबदारी लागते, 'न्हाय' म्हणायला काय लागतंय? तू लाव सूचना. कुणी ढुंकून बगणार न्हाय."

सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे कळत नव्हतं असं नाही. तरी मी फाइल केली. 'असा वर्ग सर्वांसाठी खुला केल्यास तो सुधारित तरतुदीशी सुसंगत ठरेल किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन व्हावे.' किती नम्र वाक्य! आपला कागद पक्का झाला, आता काही झालं तरी आपल्यावर येणार नाही, म्हणून त्या दिवशी मी निवांत होतो.

उत्तर यायला वेळ लागला नाही. नाव बदलून तोच उपक्रम चालवणं म्हणजे कायद्याला बगल देणं आहे, सबब परवानगी नाही. एवढ्यावर थांबलं असतं तरी मी स्वतःला कसंतरी समजावलं असतं. पण माझ्या प्रश्नानं वरच्यांचे डोळे उघडले. अशी नावं बदलून आणखी कुठे कुठे काही चाललंय का, हे शोधायचा हुकूम निघाला. आमच्याशी संलग्न कॉलेजांत काही शहाण्या माणसांनी कुणालाही न विचारता असेच वर्ग खुले करून ठेवले होते. ते सगळे सापडले, सगळे बंद झाले. बंद करण्याचं परिपत्रकही माझ्याच हातचं. कँटीनमागच्या खोलीला कुलूप लागलं. अक्कांची नेमणूक केंद्राबरोबरच संपली.

त्या सामान न्यायला आल्या त्या दिवशी माझ्या दारात थांबल्या. आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "आत येऊ का, साहेब?"

मी खुर्चीतून उठलो. "अक्का, असं काय? या की."

त्या आल्या, आणि मी बसा म्हणेपर्यंत उभ्या राहिल्या. "आपला वेळ घेत नाही. खोलीच्या किल्ल्या जमा करायच्या होत्या. पोचपावती दिलीत तर बरं होईल."

कसली शुद्ध, धुतलेली मराठी! पेटीतली चादर माझ्यासाठी काढली होती. त्यानंतर त्या मला जिथे भेटल्या तिथे साहेबच म्हणाल्या. एकदा एसटी स्थानकावर दिसल्या, तर बाकावरून उठून उभ्या राहिल्या आणि आजूबाजूच्या बायकांना म्हणाल्या, "उठा गं, मोठे साहेब आलेत." बायका बिचाऱ्या खरंच उठल्या. मी चप्पल फरफटत तिथून पळालो. कुणी थोबाडीत मारली असती तर एका दिवसात विसरलो असतो. हा मान मात्र कितीतरी दिवस पुरला.

आमदारावरचा सूड त्यांनी भर सभेत घेतला. शहरातल्या एका सभागृहात त्याचा सत्कार होता, मीही विद्यापीठातर्फे हार घेऊन गेलो होतो. अक्का त्यांच्या जुन्या पोरांबरोबर मधल्या रांगेत. त्याचं भाषण चालू असताना एक मुलगी उठली आणि तेलुगूत तिनं काहीतरी विचारलं. मग एक पोरगा कन्नडमध्ये (अर्थ मला शेजारच्यानं सांगितला), "तुम्ही कुठल्या कुबड्या म्हणालात? आम्हाला एकदा दाखवा तरी." तोफ घाबरली नाही. त्यानं कन्नडमधूनच असं खणखणीत उत्तर दिलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पाहिलं, अक्कांचेही हात टाळीसाठी उठले होते. त्यांनी ते रागानं मांडीखाली दाबले.

टाळ्यांच्या भरात त्याला काय सुचलं कोण जाणे. व्यासपीठावरून उतरला, फोटोवाले मागे घेऊन थेट अक्कांसमोर आला. माईकवर म्हणाला, "ह्या माझ्या गुरू!" आणि पाया पडायला वाकला.

अक्कांनी पाय मागे घेतले. म्हणाल्या, "नगं, आमदार साहेब. कुबडीच्या कुणी पाया पडतं व्हय?"

माईक त्याच्याच हातात होता. सगळं सभागृहभर ऐकू गेलं. तो वाकलेला तसाच राहिला. उठावं तर काय बोलावं, न उठावं तर किती वेळ?  तो फोटो आजही लोकांच्या फोनवर आहे. मी तो काढून टाकलेला नाही. अधूनमधून काढून बघतो आणि मला बरं वाटतं.

पण त्यामुळे खोलीचं कुलूप काही निघालं नाही. त्या वर्षी दिवाळीला गेलेली पोरं पूर्वीसारखी पुन्हा गळली. त्यांची नावं प्रवेश रद्द करायला माझ्याकडेच यायची.

अक्का मैंदर्गीला भावाकडे राहायला गेल्या आणि तिथे आजारी पडल्या. मी भेटायला गेलो. भावानं बाज अंगणात टाकली होती, पलीकडे मेंढरं. इतक्या वाळल्या होत्या की ओळखायला मला वेळ लागला. त्यांना मात्र वेळ लागला नाही. "यावं साहेब," म्हणाल्या.

मी बाजेशी खाली बसलो. "अक्का, चुकलो. माफ करा मला."

त्यांनी पदर सारखा केला. मग त्याच स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "नाही करणार. केलं तर आपण घरी जाऊन शांत झोपाल. आणि आपण झोपलात तर त्या पोरांचं कोण बघणार? जागे राहा."

भावानं चहा आणला. मी तो कसा प्यायलो ते आठवत नाही. जाताना मागे वळून पाहिलं. वाटलं, एखादी हाक येईल. त्या मेंढरांकडे तोंड करून पडल्या होत्या.

काही दिवसांनी अक्का गेल्या. विद्यापीठात शोकसभा ठरली. कुलसचिवांनी आखलेल्या कार्यक्रमात एकच वक्ता होता : आमदार. गुरूंविषयी शिष्याचं मनोगत. आमदारांच्या सचिवाचा मला फोन आला, "साहेब आल्या आल्या बोलतील, लगेच निघतील. फोटोची सोय बघा." मी हो म्हणालो. हो म्हणायची सवय आहे मला.

पण सभागृहात जाऊन बघतो तो जुनी पोरं भरली होती. कुणी दुधनीहून आलेलं, कुणी पुण्याहून, कुणी कडेवर मूल घेऊन. मी माईक घेतला आणि जाहीर केलं, "ज्याला ज्याला बोलायचं आहे त्यानं रांगेत उभं राहावं. ज्या भाषेत यायचं त्या भाषेत बोलावं." कुलसचिव पहिल्या रांगेतून मला हातानं खुणा करत होते. मी तिकडे पाहिलं नाही. रांग दारापर्यंत गेली आणि दाराबाहेर वळली.

आमदार आले तेव्हा ती विणकराची मुलगी बोलत होती. तिनं आता कॉलेजात शिकवायला सुरुवात केली आहे. ते हातात कागद घेऊन थोडा वेळ थांबले, मग माझ्याजवळ आले. "मला पुढे कार्यक्रम आहे. दोन मिनिटं बोलून घेतो."

मी म्हणालो, "बोला ना. रांग तिकडून आहे."

त्यांना वाटलं मी ओळखलं नाही. "अहो, मी..."

"ओळखलं, साहेब," मी म्हणालो. माझ्या हातात सूत्रसंचालनाचा दुसरा माईक होता, तो चालू होता आणि मी मुद्दाम बंद केला नाही. "पण विद्यापीठात आता कुणासाठी वेगळी सोय करता येत नाही. कायदाच आहे तसा."

मागून कुणीतरी फस्सकन हसलं आणि मग सगळेच हसले, डोळे पुसत पुसत. आमदार रांगेच्या टोकाकडे पाहत उभे राहिले. मग कागदाची घडी केली आणि गेले. शोकसभेत माणसाला असा आनंद होऊ नये. मला झाला. अजून होतो. त्याबद्दल मी कुणाकडे माफी मागणार नाही.

सभा संपल्यावर कुलसचिव म्हणाले, "उद्या सकाळी केबिनमध्ये या. हे कुणाला विचारून केलंत, त्याचा खुलासा द्यावा लागेल."

सकाळी केबिनमध्ये जाण्याआधी मी कँटीनच्या मागे गेलो आणि खोलीचं कुलूप काढलं. खिडक्या उघडल्या. फलकावर खडूनं लिहिलं, 'सर्वांसाठी खुला'.

आता माझी चौकशी चालू आहे. चालू दे. वर्गाला शिक्षक नाही, निधी नाही. जुनी पोरं आळीपाळीनं येतात आणि नव्यांना समोरासमोर उभं करतात. परवा एक मुलगी पाण्याच्या नळावरून असं भांडली की मी माझ्या खोलीत हातातलं काम ठेवून ऐकत बसलो. खोली बंद करायचा हुकूम कधीही येईल, मला माहीत आहे. येऊ दे. या वेळी कुलूप घेऊन येणाऱ्याला आत भांडणारी माणसं भेटतील, आणि त्याला ते भांडण एका भाषेत आवरणार नाही.